राखण

(तालुक्याच्या दवाखान्याचा व्हरांडा. बाकावर आपली मशीन घेऊन आलेली म्हातारी सोमारी. टेबलाशी मशीनची बॅग परत द्यायला आलेला जीपवाला अयूब आणि झोपेच्या आजाराचे पेशंट पाहणारी नर्स दीपाली.)

अयूब : आता ठेवून घ्या ना सिस्टर, काऊन जिद करता? दुसऱ्या कोनाच्या कामी येईन.

दीपाली : अयूबभाऊ, ही मशीन तुमच्यासाठी मागवली. झोपेत तुमचा श्वास अडकते. ही हवा देऊन गळा उघडा ठेवते. काय जमत नाई, ते तरी सांगा.

अयूब : लाइट जाते आमच्याकडं.

दीपाली : रोज?

अयूब : रोज नाई... मास्क टोचते. हवा बी लई जोरानं येते.

दीपाली : भाऊ, मशीनमध्ये सगळं दिसते. पहिल्या रात्री तुम्ही घातली आन् सकाळपर्यंत श्वास एकदाबी अडकला नाई. इतकं चांगलं आमच्या एकाही पेशंटचं झालं नाई. आन् त्यानंतर मशीन बंदच!

सोमारी : माह्यी तर फुर्र फुर्र करते. दात नाईत ना, गालातून हवा पळते.

दीपाली : तरी सोमारीबाई रोज घालतात. चैतूदादाच्या पोटात हवा जाऊन ढेकरा सुरू झाल्या, तर डॉक्टरांनी हवा कमी केली. आता झोपतो. वच्छलाबाईला वाटे, कोनी तोंड दाबून राह्यलं. मी म्हटलं, जागेपणी घालून सवय करा. तर ती दुपारी तांदूळ निवडताना घालून बसते.

अयूब : तांदूळ निवडताना?

दीपाली : शेजारीण बोलाले आली का हातानंच सांगते, बस म्हणून.

सोमारी : पोरी, मले खोकला होते पन. मशीन लावली का खोकला.

दीपाली : दाखवा बरं. अगं माय, मशीनची ही हवेची जाळी किती काळी! तुमी झोपता कुठी?

सोमारी : विस्तवाजवळ. थंडीत मानूस दुसरं कुठी झोपते?

दीपाली : आन् मशीन?

सोमारी : तिलेबी थंडी वाजन म्हून विस्तवाजवळच ठेवतो.

अयूब : म्हंजे बाई रातभर धूरच पिऊन राह्यली!

दीपाली : हसू नका भाऊ. सोमारीबाई, मशीन हवा बनवत नाई. आजूबाजूची घेते. धूर असला का धूरच देते.

सोमारी : मंग विस्तव विझवू?

दीपाली : नाई. मशीन दाराकडं ठेवा, तुमीबी तिकडं सरका. जाळी बदलून देते.

सोमारी : सरकतो. थंडी वाजन तर वाजन.

अयूब : बाई, इतका खोकला होता तरी काढून नाई फेकली?

सोमारी : काऊन फेकू? आधी बसल्या बसल्या डोळा लागे. मोहाची फुलं येचता येचता झाडाखाली पडून राहो, सुना शोधत येत. आता येचतो, वाळवतो, आन् आपल्या पायानं बाजारात नेतो.

अयूब : मानलं बाई तुले.

दीपाली : नुसतं मानू नका. जीप चालवता चालवता तुमचाही डोळा लागला होता. गेली ना सागाच्या झाडावर? मागं माणसं बसली होती.

अयूब : कोनाले लागलं नाई, अल्लाची मेहर.

दीपाली : पुढच्या वेळी लागलं तर? मशीन वापरल्याशिवाय डॉक्टर जीप चालवू देणार नाई.

अयूब : माहीत हाय. शहबाजनं चावी लपवून ठेवली. बापापासून पोरगा चावी लपवते!

दीपाली : मंग त्या रात्री झालं तरी काय?

अयूब : काई नाई. झोपलो.

दीपाली : आन्?

अयूब : सकाळी उठलो तर डोकं हलकं. लगन झालं तवापासून अशी झोप नव्हती. चहा ठेवला, आन् मंग ध्यानात आलं.

दीपाली : काय?

अयूब : बायको खुर्शीदा रातभर मले कोपरानं ढोसे. कूस बदलवे. म्हने, तुमी थांबता. मी म्हनो, झोपेत कुठी थांबतो मानूस? तिनं मंग सांगनं सोडलं, पन ढोसनं नाई सोडलं. दिवसभर लोकाइचे कपडे शिवे, रातीले माह्या श्वासावर ध्यान ठेवे. कोनाजवळ तक्रार नाई. मागच्या साली काविळीनं गेली, तवापासून मी दिवसा पेंगाले लागलो. मले वाटलं, दुःखानं होते.

दीपाली : भाऊ...

अयूब : ते तिचं काम होतं सिस्टर. सारी उमर तिनं केलं. आन् हे खोकं आलं, एका रातीत करून मोकळं. तिची जागा याले देऊ? नाई होत.

सोमारी : भाऊ, माहा नवरा झिंगू गेला तवा धान उभं होतं शेतात. रोज राती मचानावर तोच बसे, डुकरं हाकले. गाव म्हने, यंदा जाऊ दे सोमारी. मी म्हनलं, त्यानं इतकं राखलं, ते डुकराले चारू? त्याचीच घोंगडी घेतली आन् मचानावर चढलो.

अयूब : एकटी?

सोमारी : एकटी. पैल्या राती लई वाईट वाटलं. मंग डुकरं आली, रडाले सवडच नाई भेटली.

अयूब : तू हासवते बी बाई...

सोमारी : तुह्या बाईनं काय राखलं?

अयूब : मले.

सोमारी : मंग? डुकराले देतो?

दीपाली : अयूबभाऊ, पाणी देऊ?

अयूब : नको. बॅग द्या इकडं.

दीपाली : घेता?

अयूब : घेतो. सिस्टर, ही पलंगाच्या कोन्या बाजूले ठेवा लागते?

दीपाली : कोणत्याही.

अयूब : डाव्या बाजूले खुर्शीदा झोपे.

दीपाली : मग उजवीकडं ठेवा, भाऊ.