चौथी खुर्ची आणि अर्धा चढ

...मदेरा कसं होतं म्हणून काय विचारता हो, आरामखुर्चीतनं दिसलं तेवढं होतं! अहो, अहो, तिथं नका बसू. टोपी दिसत नाही का खुर्चीवर? आणि तिच्या शेजारी मफलर आहे. माणसं यायचीत. नाही, पेपर ठेवलाय ना, तीही नाही. किती माणसं यायचीत? दोन. मग तिसरी खुर्ची कोणाला? असू दे हो! तिकडे बसा, हीटरजवळ, ऊबही आहे.

तर फोटो बघायला आलात ना? बघा. हे मदेरा बेट. डोंगर, पांढरी घरं, लाल कौलं, आणि मधोमध हा नारिंगी गोळा दिसतोय ना, ती बोटीला टांगलेली जीव वाचवायची होडी. आता हे टेनेरिफ, दुसरं बेट. डोंगर जरा मोठा. होडी तीच. हे कादिझ, स्पेनचं. तीन हजार वर्षांचं जुनं बंदर म्हणे, चर्चचा घुमट काय, किल्ला काय... होडी? हो, तीच! कारण खुर्ची तीच! तुम्हाला सांगतो, अख्खा अटलांटिक मी एका खुर्चीतनं पाहिला. उठून जावं म्हणाल, तर बोटीवरून माणूस जाणार कुठे?

आमच्या म्युरिएलला मी दोष देत नाही. बायकोला दोष द्यायची माझी बिशादही नाही. पण तिची थोरली बहीण ग्वेन! तुमच्या पोरांना शाळेत जेवण वाढायची तीच. अख्ख्या शाळेला नुसत्या पळीच्या धाकावर उकडलेला कोबी खायला लावला त्या बाईनं. तिचा बर्नार्ड गेल्या वर्षी गेला. देवमाणूस होता बिचारा, उभ्या जन्मात कोबी टाकला नाही. तर म्युरिएल म्हणाली, "अरे क्लिफ, एकटी पडलीय रे ती. जानेवारीत तिघं मिळून बोटीनं जाऊ. जरा ऊन बघू." मी म्हणालो, ऊन कशाला बघायचं, ते काय पळून चाललंय? पण पत्रकात शेवटचं बंदर बघितलं आणि म्हटलं, कधी निघायचं? लिस्बन!

तुम्ही सगळे ट्रामवाले, तुम्हाला कळेल. आपली ब्लॅकपूलची ट्राम म्हणजे काय? समुद्राकाठानं सरळ रेघ. जाताना डावीकडे समुद्र, उजवीकडे चिप्सची दुकानं. येताना उजवीकडे समुद्र, डावीकडे चिप्स. संपलं! उभा जन्म मी ही रेघ ओढली, चढ म्हणून कसला तो माहीत नाही. आणि लिस्बनची ती पिवळी, लाकडी, इवलीशी ट्राम! भिंतींना खांदे घासत, दोरीवरची वाळत घातलेली चादर टपावर घेत सरळ डोंगर चढते! मरायच्या आधी एकदा ट्रामनं चढ चढायचा, एवढंच मागणं होतं हो माझं. राजवाड्यात चहाला बोलवा म्हटलं होतं का मी?

निघालो. पहिले दोन दिवस बिस्केच्या उपसागरानं आम्हाला ताकासारखं घुसळलं, त्याबद्दल बोलायलाच नको, आत्ताच सँडविच खाल्लंय मी. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. आणि तुम्हाला सांगतो, समुद्र परवडला पण ऊन नको! मागच्या डेकवर काचेच्या आडोशाला, वारा लागत नाही अशा, दहा-बारा खुर्च्या. आणि बोटीवर माणसं दोन हजार. सगळी आपलीच, नोव्हेंबरपासून सूर्य न पाहिलेली! मग काय, तांबडं फुटायच्या आत टॉवेल टाकायचा, वर एक जाडजूड कादंबरी ठेवायची, की खुर्ची आपल्या बापाची. पण या बोटीनं नियम काढलेला. अर्धा तास टॉवेलाजवळ माणूस दिसला नाही, तर टॉवेल जप्त! म्हणजे नुसता टॉवेल पुरत नाही. टॉवेलाला माणूस पाहिजे. ग्वेननं चौफेर पाहिलं... आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"क्लिफ, तुझे गुडघे नाहीतरी दुखतात. तू बस. आम्ही नाश्ता करून आलोच. जागा सोडू नकोस हं!"

आलोच! नाश्त्याला गेलेल्या बायका जेवूनच आल्या. आणि धरायच्या किती? चार खुर्च्या! मी म्हणालो, "ग्वेन, आपण तिघं. चौथी कोणाला?" ती म्हणाली, "असू दे." मला पळीची आठवण झाली.

म्हटलं, ठीक आहे, मदेराला उतरू. बंदर लागलं, मी बूट घातले, टोपी घातली, तर ग्वेन कमरेवर हात ठेवून उभी. "वेडा का तू? सगळे उतरतात तेव्हाच जागा धरायची असते! संध्याकाळी परत आले की तुटून पडतील मेले. आम्ही पटकन बघून येतो." पटकन! सूर्य बुडाल्यावर आल्या, गाल लालबुंद, मदेराची वाईन पिऊन एकमेकींच्या खांद्यावर खिदळत. म्युरिएलनं माझ्यासाठी मधाचा केक आणला होता. चांगला होता केक. पण केक खाऊन मदेरा बघितल्यासारखं होतं का हो? टेनेरिफला तेच. मी म्हणालो, "म्युरिएल, मी इथं बसून बसून खुर्चीच होईन!" ती म्हणाली, "तिचं मन नको मोडूस रे. लिस्बनला जाऊ ना आपण." आता भांडावं तर खोली एवढीशी, दार आपटावं तर तेही सरकतं. बोटीवरून माणूस जाणार कुठे?

बरं, एकटा बसू देतील? शेजारी पेनफोल्ड! इंग्लंडच्या दक्षिणेकडचा, बँकेत साहेब होता, बोलतो असं की तोंडात गरम बटाटा धरलाय. "आमची ही अकरावी सफर बरं का. मदेरा? पाहिलंय आम्ही. टेनेरिफ? पाहिलंय. लिस्बन? दोनदा. आणि आपण काय करत होतात?" म्हटलं, ट्राम चालवत होतो. "वा! किती मजेशीर!" मजेशीर! डिसेंबरात लाटा काचेवर फुटायच्या, बोटं दांड्याला चिकटायची, ये म्हणावं मजा बघायला! आणि डोळा कुठे त्याचा? माझ्या चौथ्या खुर्चीवर. दिवसभर.

कादिझला घात झाला. आता मी माणूस आहे हो, पोटात तीन कप चहा, किती वेळ दाबून धरायचं? पेनफोल्ड म्हणाला, "निश्चिंत जा. मी पाहतो ना." गेलो. आलो. बघतो तर चौथ्या खुर्चीत पेनफोल्डची बायको, पाय लांब करून, आणि आमचा टॉवेल घडी घालून खाली! मी म्हणालो, बाई, ही जागा... ती म्हणाली, "पण इथं कोणी कधी बसतच नाही!" आणि नेमकी तेव्हाच ग्वेन परत आली.

मला वाटलं, आता बोंबलणार. कोबी, पळी, सगळं निघणार. नाही! तिनं टॉवेल उचलला, छातीशी धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या बर्नार्डनं एवढ्या वर्षांत एकदाही जागा सोडली नव्हती."

आता यावर बोला काय बोलायचं ते! तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, चौथी खुर्ची कोणाची ते. पेनफोल्डच्या बायकोलाही काय कळलं कोण जाणे, लाल होऊन उठलीच ती. पण मी? मी तर पुरता अडकलो! आधी नुसती खुर्ची होती, उठता तरी आलं असतं. आता बर्नार्ड होता. मेलेल्या माणसाची जागा सोडून उठायचं कसं?

पण लिस्बन सोडणार नव्हतो. लिस्बनच्या सकाळी अंडं सोडून उभा राहिलो. म्हटलं, "ग्वेन, मी आज उतरणार. ट्राममध्ये बसणार. खुर्च्यांचं काय व्हायचं ते होवो!" तर ती म्हणते कशी, "मग उतर की. आम्हीही ट्रामच बघायला निघालोय. एवढा ओरडतोस कशाला?"

पोहोचलो. आणि रांग? चौकाला वळसा घालून! ग्वेननं रांग बघितली, समोरचं कॉफीचं दुकान बघितलं, मग मला बघितलं. पुढचं तुम्हीच सांगा... बरोब्बर! "क्लिफ, जागा सोडू नकोस हं!"

थांबलो. नंबर आला, पण या बायकांचा पत्ता नाही. मागच्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दुसऱ्याला म्हटलं, तुम्ही व्हा. माझ्या डोळ्यांदेखत ट्राममागून ट्राम चढावर गेली! मी हात केला, तर ग्वेननं काचेआडून अंड्याच्या कस्टर्डचा इवलासा केक दाखवला, म्हणजे एवढा खाऊन आले. आणि माझं डोकं फिरलं. पुढची ट्राम आली, चढलो! एकटा! खिडकीशी, लाकडी बाकावर! सुटलो म्हटलं, क्लिफ, सुटलास! तेवढ्यात एक धिप्पाड जर्मन आला आणि शेजारच्या जागेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. तर माझ्या तोंडून काय निघावं? "माणूस यायचाय!" बघतो तर बाकावर माझी टोपी. मी कधी ठेवली, देवाशपथ आठवत नाही! आणि जर्मनच तो, टॉवेल टाकून खुर्च्या धरण्यात जगाचे गुरू ते, टोपीचा अर्थ त्याला लगेच कळला. आदरानं मागं सरला.

ट्राम हलली. वीस पावलं गेली आणि थांबली. रुळांवर पाववाल्याची गाडी! ट्रामची घंटा वाजतेय, वाजतेय, पाववाला गायब. आणि ट्राम थांबली कुठे? कॉफीच्या दुकानासमोर! दार उघडलं, ग्वेन वर. मागनं म्युरिएल. "बघ, म्हटलं नव्हतं मी तुला? दोन जागा धरून ठेवल्यात त्यानं. कोणी काही म्हणो, क्लिफ आता आमच्या बर्नार्डच्या वळणावर चाललाय!"

उठलो. टोपी उचलली. उभा राहिलो पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशी. ड्रायव्हर बाई होती, चाळिशीची, केस वर बांधलेले. पाववाला आला, गाडी निघाली, आणि... मंडळी, तो चढ! बाईनं पितळी दांडा एक घर पुढे घेतला. चाकं घसरली, तर पकड यावी म्हणून तिनं पायानं खटका दाबून वाळू सोडली रुळावर. वाळू! आपण जन्मभर किनाऱ्यावरनं उडून आलेली वाळू रुळांवरनं काढत बसलो, आणि इथं मुद्दाम टाकतात! मी हसलोच. तिनं आरशात बघितलं, मी हात असा फिरवून दाखवला, मीही चालवायचो म्हणून. तिनं मान डोलवली. आपल्यातला माणूस म्हणून. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, लपवत नाही. ट्राम नाक वर करून चढतेय, खाली नदी दिसायला लागली, वर अजून तेवढाच चढ...

"क्लिफ! उतर, उतर! लोक बोटीवर परतायच्या आत खुर्च्या गाठायला हव्यात!"

उतरलो. अर्ध्या चढावर. ट्राम वर गेली, बाईनं माझ्यासाठी एकदा घंटा वाजवली, आणि वळणाआड गेली. आणि फोटो विचाराल, तर एक नाही! या एकाच बंदराला होडी मधे नव्हती, आणि मी कॅमेरा काढायचाच विसरलो.

आल्या बघा त्या. ये ग्वेन! धरलीय, धरलीय! टोपीची खुर्ची तुझी, मफलरची म्युरिएलची. कोणी बसलं नाही, शप्पथ. पेपर ठेवलाय ती? ती... असू दे गं. तुला माहितेय. बस तू. काय म्हणतेस? पुढच्या जानेवारीचं बुकिंग केलंस? तीच बोट? लिस्बन आहे ना पण? आहे? मग ठीक. छे, तक्रार कुठे करतोय मी, फोटो दाखवत होतो!

ऐकलंत? आणि जावं तर लागणारच, उरलेला अर्धा चढ तिकडेच राहिलाय ना माझा. मघापासून म्हणतोय, बोटीवरून माणूस जाणार कुठे... अहो, उतरून तरी कुठे गेलो मी? अरे, तुम्ही का उठलात? चहा आणायला? जा की, निश्चिंत जा. खुर्चीची काळजी करू नका, मफलर द्या तो इकडे. मी आहे ना. धरतो.