पानाला ठेवलेली बारोलो

नाव : पंढरी काथोड मढवी, वय ६२ वर्षे, धंदा : खोल्या भाड्याने देणे, राहणार : जुने सानपाडा गाव, नवी मुंबई.

मी समक्ष हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी पुतळा, वय ५८, हिच्यासह राहतो. आम्हांस एकच अपत्य, मयत मुलगा हितेश. पुतळा ही काल, सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी घरातून निघून गेली, ती अद्याप परत आलेली नाही.

हितेश हा इटलीच्या एका प्रवासी जहाजावर जेवणाच्या हॉलमध्ये वाईन वाढण्याच्या कामाला होता. दर सुट्टीत तो तिकडच्या लाल वाईनच्या बाटल्या आणायचा. जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी इथे 'विदेशी दारू' असे लिहिले होते, ते मी बदलायला लावले. दारू मी तरुणपणी भरपूर प्यालो आहे, फरक मला कळतो. ही जेवणाबरोबर घ्यायची वाईन होती.

पहिल्यांदा त्याने ग्लासात तळापुरतीच ओतली. मी म्हणालो, "आरं, येवढीशी? औषद हाय का?" तो म्हणाला, "बाबा, आदी वास घ्या, मग घोट, मग मटन." ती कियांती नावाची वाईन होती. तिच्या घोटाने सुक्या मटणाचे तेल तोंडातून धुऊन निघायचे आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागायचा. माझ्या पिण्यापायी पुतळा जन्मभर माझ्याशी भांडली. तिने पोराच्या हट्टाने बार्बेरा नावाच्या दुसऱ्या वाईनचा वास घेतला आणि म्हणाली, "जांबलां. मिठागराच्या बांदावरची." मासळीबरोबर लाल वाईन चालत नाही, असे हितेशने सांगितले. ती म्हणाली, "तुज्या इटलीवाल्यांना सांग, निवट्यांचा कालवन खाऊन बगा." त्याने तेही करून पाहिले आणि कान धरले. त्या जेवणांत आम्ही तिघे हसलो तसे कधी हसलो नाही. हे लिहायची गरज नाही असे अंमलदार म्हणाले. गरज आहे.

शेवटच्या सुट्टीत त्याने बारोलो नावाची बाटली आणली. म्हणाला, "हिला वेळ द्यावा लागतो. पुडच्या सुट्टीत मी आल्यावर उगडू. आई, सुका मटन तूच कर." पुतळाने ती कपाटात साड्यांच्या घडीत आडवी ठेवली आणि किल्ली देव्हाऱ्यात.

गेल्या वर्षी कंपनीचा फोन आला की, जहाज भर समुद्रात असताना हितेश कामावर आला नाही, सगळीकडे पाहिले, पाण्यात पडला असावा. पुढे शोध थांबवल्याचे कळवले. देह मिळाला नाही. पुतळा सगळ्यांना सांगायची, "हरवला हाय, गावंल." ती कालपर्यंत तीन ताटे घेत होती. मी तिला कधी अडवले नाही.

आमच्याकडे सर्वपित्रीला गेलेल्या माणसाच्या नावाने केळीचे पान वाढून गच्चीवर ठेवतात. त्यावर त्याच्या आवडीचे असते ते सगळे असते. माझ्या वडिलांना आम्ही दरवर्षी देशीचा पेला ठेवतो. यंदा माझा भाऊ देवजी मला म्हणाला, "पोर उपाशी-तान्हेला फिरतंय, आनि तू गप बसतंस?" ते माझ्या काळजाला लागले. काल पुतळा बाजारात गेल्यावर मी देव्हाऱ्यातली किल्ली घेतली, बारोलो काढली, उघडली आणि गच्चीवर हितेशच्या नावाने पान वाढून त्याला ग्लास भरून ठेवला. गुलाब आणि डांबर असा दोन्हींचा मिळून वास येतो, असे त्याने सांगितले होते. तसाच आला. मी तिथेच रडलो.

पुतळा वर आली. म्हणाली, "कोनाचा पान हाय?" मी म्हणालो, "हितेसचा." ती ओरडली नाही. ती म्हणाली, "आजपरत तो हरवला व्हता. तुमी त्याला आज मारलाव."

तिने ग्लासातली वाईन थेंबही न सांडता परत बाटलीत ओतली, बूच दाबले, बाटली पदराखाली घेतली आणि खाली गेली. कपाटात ठेवायला गेली असे मला वाटले. मी पानाजवळच बसून राहिलो. मी खाली आलो तेव्हा दार सताड उघडे होते आणि तिच्या चपला जागेवर होत्या.

आमच्या गावच्या रंगूबाई खाडीत खेकडे धरतात. त्यांनी ओहोटीच्या वेळी पुतळाला जेट्टीच्या टोकाला बसलेली पाहिली. मांडीत बाटली होती. "कयला बसलीस गो?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "हितेस येल. आला का जेवाला जाव." भरती लागल्यावर रंगूबाई तिला बोलवायला परत गेल्या, तेव्हा जेट्टीवर कोणी नव्हते. गावच्या होड्या काल संध्याकाळपासून फिरत आहेत. बाटलीही मिळालेली नाही.

वर्णन : रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगावर हिरवी साडी, उजव्या मनगटावर तव्याचा जुना चटका. सोबत : बाटली एक, भरलेली. माझा कोणावर संशय नाही. असलाच तर माझ्यावर आहे, तो लिहून घ्यावा.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, फक्त वर हितेशच्या नावाआधी 'मयत' लिहिले आहे. तो शब्द मीच सांगितला होता. तो खोडून तिथे 'कामानिमित्त बाहेरगावी' असे करावे. पुतळा सापडली की तिलाही हा जबाब वाचून दाखवायचा आहे.

खाडाखोडीजवळ व खाली माझी सही आहे.

पंढरी काथोड मढवी