तक्रारीच्या पानावरचं नाव

शेळ्यांच्या लसीची तारीख सांगणारं अ‍ॅप बजरंगनं दोन वर्षं खपून बनवलं आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकलं. आज जिंतूरच्या एसटीत पुढच्या बाकावर एक एजंट तेच अ‍ॅप सुमनबाईला विकत होता. बजरंगनं कान टवकारले.

“वर्षाला पाचशे, मावशी.”

“आमच्या गावात तर फुकट हाय.”

“त्यालाच आमच्या कंपनीनं हिरवा रंग दिलाय.”

“बनवणाऱ्याला इचारलं का?”

“त्यानंच लिवून ठेवलंय. कुणीबी घ्या, विका, फक्त माझं नाव राहू द्या.”

“मंग ठेवलं का नाव?”

“नंबरासकट ठेवलंय. तक्रारीच्या पानावर.”

“आन् त्यो उचलतो?”

“लावून बघा की. लय भला माणूस, कधी चिडत न्हाई.”

सुमनबाईनं नंबर लावला. मागच्या बाकावर बजरंगचा फोन सकाळपासून बाराव्यांदा वाजला.