पाचवं पातं

ताप आहे हो तिला, बाई, सांगितलं ना. ताप म्हणजे – अंग कोमट आहे. दोरीवरच्या उड्या मारताना दिसली? मग उतरला असेल, पोरांचा ताप काय, आला तसा जातो. पण माझी नात उद्या चौकात नाचायला यायची नाही, पहिल्या रांगेत असली तरी. दुसरी कुणी घ्या. – नको, दुसरीही नका घेऊ. बसा ना, त्या स्टुलावर बसा, ठिणग्या तिथवर येत नाहीत, आणि आज मी वेल्डिंग करतही नाहीये. सकाळपासून त्या प्रवासी गाडीचं, जीपनीचं दार तसंच पडलंय, कशाला हात लावावासा वाटत नाही.

चौकातूनच आलात ना? मग दिसलं असेल, न दिसायला काय झालं, दोन मजली आहे. 'वाऱ्याचं फूल' म्हणे. नव्वद लाख पेसो – तुमच्या वर्गाचं छप्पर गळतंय आणि चौकात फूल. मॉडर्न आर्ट आहे, कळलं नाही म्हणायची चोरी. आमचा मेयर, हा बारामेदा, बसथांब्यावर त्याचं तोंड, ॲम्ब्युलन्सवर त्याचं तोंड, कचऱ्याच्या गाडीवरसुद्धा – मग वरून तंबी आली, सरकारी पैशात स्वतःचं तोंड नको. झालं, साहेबांना कलेचा पुळका आला. मनिलाहून शिल्पकार आणला. माणूस भला, माझं काम बघून म्हणाला, सेलो, तुझ्या हाताचा वेल्डर शहरात नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. चाळीस वर्षं जीपन्या बांधल्या, असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्या लोखंडी फुलाला पाती पाच होती, बाई. कागदावर पाच, मी कापली पाच, उभी केली पाच. चार वर जाणारी आणि एक आडवं, तिरकं, जमिनीला टेकलेलं – बाकीच्यांचा भार त्याच्यावर. शिल्पकार पैसे घेऊन परत गेला. आणि मग मतपत्रिकेवरचे उमेदवारांचे नंबर निघाले. मेयरचा कितवा? चौथा. बघताय ना, जाईल तिथे चार बोटं दाखवत फिरतोय. आणि पाचवा नंबर कुणाचा? त्याच्या विरोधातल्या बाईचा. लगेच त्याचा माणूस इथे हजर, तुम्ही बसलात तिथेच बसला. म्हणाला, नव्वद लाख खर्चून त्या बाईचा प्रचार करायचा का आपण? पाचवं काढ. मी म्हटलं, भार आहे त्याच्यावर. – म्हटलं ना, म्हटलं मी. हळू म्हटलं. तर तो म्हणतो, निवडणुकीआधी सरकारी कामांवर बंदी लागते, त्याच्या आत उद्घाटन व्हायला हवं, आणि सेलो, तुझ्या दुकानाचा परवाना कधी संपतो रे?

कापलं. एका दुपारीत कापलं. नाही, माझा हात कुणी धरला नव्हता.

आता वारा सुटला की ते कण्हतं. इथवर ऐकू येतं, मी रात्री उठून बसतो. परवा जाऊन बघितलं तर मुळाशी चीर, केसाएवढी. मग मी – वरून रंग मारला. काय करायला हवं होतं, तेवढाच डबा होता हातात. उद्या मेयर काय खाली उभा राहणार आहे? तो मंडपात, सावलीला. खाली तुमची चाळीस पोरं, चार-चार बोटं वर करून.

म्हणून ताप. सुनेलासुद्धा बोललो नाही, तिलाही तापच सांगितलाय. – लिहून? नाही, लिहून नाही देणार. मेयरसमोर येणं तर सोडाच. माझा मुलगा ती ॲम्ब्युलन्स चालवतो, मेयरनं मनात आणलं तर उद्या घरी बसेल. असं बघू नका माझ्याकडे. भीती वाटते मला, कळतंय का, या वयात भीती वाटते. तुमचा धाकटाही आहे ना नाचात, तिसऱ्या रांगेत? मग येऊ द्या की त्यालाही ताप. पोरांच्या तापाला कुणी पुरावा मागत नाही.

बाकीची? बाकीची अडतीस – मला काय विचारता, बाई, त्यांना आईबाप आहेत. मी काय साऱ्या गावाचा – जा तुम्ही. जा आता. आणि हे बघा, चौकातून नका जाऊ, चर्चच्या मागून जा.