पाच जबान्यांची शुद्ध प्रत

— आणि तेवढ्यावरून तुम्ही ठरवलंत की पाचही जबान्या एकाच डोक्यातून निघाल्या? कमाल आहे साहेब! एकसारख्या दिसणारच ना — मीच शिकवलंय त्यांना, इथेच, आमच्या घरच्या पुढच्या खोलीत, याच बाकांवर, रोज पाळी सुटल्यावर. तुमच्या हेडऑफिसला सगळं इंग्रजीतून लेखी हवं. मग वाक्य कुठे सुरू होतं नि कुठे संपतं, हे खोकी कापणाऱ्या माणसांना कोण सांगणार — तुम्ही? दोन वर्षं घसा कोरडा केलाय मी. सुरुवातीचं अक्षर मोठं, शेवटी टिंब, आणि इंग्रजीतला ‘मी’ तर कुठेही येवो, मोठाच. त्यावर चष्मेवाली मावशी काय म्हणाली होती माहितीये? “ताई, कारखान्यात नाही तर नाही, कागदावर तरी आपण मोठे.” सगळा वर्ग हसला होता. आता त्याच मावशीची चार बोटं त्या कापायच्या मशीनने नेली, उजव्या हाताची, आणि तुम्ही आलात टिंबं मोजायला!

नाही हो, मी फक्त शुद्ध प्रत केली. प्रत्येकाने कच्चं लिहून आणलं, मी लाल पेनाने दुरुस्त केलं, स्वच्छ उतरवून दिलं, खाली त्यांच्या सह्या — वर्गाची पद्धतच आहे ती. मजकुराला हात लावत नाही मी कुणाच्या. कच्चे कागद? ते कशाला? आहेत की, कपाटात आहेत, मी काही फेकत नाही — विद्यार्थी माझ्या दुप्पट वयाचे असले म्हणून काय झालं. हे घ्या. मोजा. एक, दोन, तीन, चार... मावशीचा? तिचा बहुतेक फाटला. डाव्या हाताने लिहिलेला, कोंबडीचे पाय उमटल्यासारखा, काय कळणार होतं तुम्हाला त्यातलं!

बाबांना मध्ये आणू नका. त्या पाळीचे मुकादम होते, बरं मग? आत पडून आहेत, आठवडाभर धड जेवलेले नाहीत. तुमच्या पिढीचा हा रोगच आहे — काही बिघडलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचं, निस्तरायला पोरी आहेतच. बोला म्हटलं, तुम्हीच सांगून मोकळे व्हा म्हटलं — तर पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. आणि त्यांनी काय मनाने केलं का? तासाला दीडपट खोकी हवीत म्हणून वरून दट्ट्या, मग जाळी काढून मशीन चालवायला मुकादम नाही सांगणार तर कोण—

काय?

कुठली जाळी म्हणजे? मशीनवरची. बोटं आत जाऊ नयेत म्हणून असते ती. सगळ्यांना माहीत... हो. नाहीये. एकाही जबानीत नाहीये. मला कसं — अहो, मुकादमाची मुलगी आहे मी, घरात कानावर पडतंच की—

मावशी, आज वर्ग नाहीये. तू उद्या ये. — साहेब, तिला कशाला बसवताय? कालच टाके निघालेत तिचे. तो कागद देऊ नका तिच्या हातात. सही केली ना तिने? न वाचता केली, “ताईने उतरवलंय म्हणजे नीटच असेल” म्हणाली, पुरे की तेवढं! मावशी, राहू दे, पिशवीतून चष्मा नको काढूस...

वाचतेस? वाच.

डाव्या हाताचं बोट ठेव ओळीवर. हळू. टिंब आलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढचं. हां. हां, बरोबर. चांगलं वाचतेस गं तू आता.

पुढे? पुढे काही नाही, मावशी. कागद उलटून काय बघतेस, मागे कोरा आहे तो.

हो. होती अजून एक ओळ, जाळीची.

बाबा, तुम्ही उठू नका.

साहेब, बाहेर थांबा जरा. जा म्हणते ना — मला तिच्याशी बोलायचंय.