पट्ट्यावरून विमान उडाले त्याबाबत

मी मिराबाई देविदास बोखारे, वय ४६, घरकाम, शिक्षण दहावी, राहणार वसमत, जि. हिंगोली. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे की,

सोमवारी टपालाने पार्सल आले. आत पंख्याचे खेळण्यातले विमान एक, सेल चार. डब्यावर किंमत सहाशे चाळीस. चिठ्ठी नव्हती. पाठवणार माझी मुलगी पुनम, पत्ता हैदराबादच्या वसतिगृहाचा.

पुनम विमानदुरुस्ती शिकायला गेली त्याला दोन वर्षे झाली. माझे पती हळदीच्या गोदामात हळकुंडे निवडायचा पट्टा चालवतात. जाण्याआधी बापलेकीचा वाद झाला. ती म्हणाली, "बाबा, पट्ट्यावर विमान ठिवलं अन् पट्टा मागं पळला तरी ते उडतंय. चाकं नुसती फिरत्यात, जोर पंख्याचा असतोय, हवेवर." पती म्हणाले, "मला नको शिकवू. माझ्या पट्ट्यावरून विमान उडालं, तवाच ये घरी." ती आली नाही. तिचा नंबर बदलला. पतींनी पत्र लिहू दिले नाही.

काल एकादशी होती, खोटे बोलत नाही. पतींचा डबा नेताना विमान पिशवीत घातले. हळदकुंकू लावून पट्ट्यावर ठेवले. निवडणाऱ्या बायांतली चांगुणा म्हणाली, "मिराबाई, तिकीट केवढ्याला वो?" पती म्हणाले, "हसं करून राहिली माझं." पण पट्टा त्यांनीच उलटा सोडला, वेगही वाढवला. पंख्याचे बटण मी दाबले. विमान थरथरले, पुढे पळाले, टोक यायच्या आत वर गेले आणि ट्यूबलाइटला धडकले. काचा हळदीच्या ढिगात पडल्या. गोदामाचे मालक संतराम यांची तक्रार खरी आहे. ढीग आम्ही दोघे निवडून देऊ. गुन्हा होत असल्यास माझ्या नावे लिहावा.

पतींनी विमान उचलून टॉवेलने पुसले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, "पुनीची खाट मोकळी कर." खाटेवर ज्वारीची पोती होती. ती मी लगेच हलवली.

विमान उडाले, हे ठाण्याच्या कागदावर यावे. माझे अक्षर पाहून पुनम म्हणेल, आईनं मायेपोटी लिवलं. म्हणून शिक्क्याची नक्कल मिळावी, मी ती तिच्या पत्त्यावर धाडते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला. सांगितला तसाच आहे. खाली एवढी ओळ जोडावी: पुनमने कधी निघते ते उलट टपाली कळवावे.