मुकादमाच्या वहीचं पहिलं पान

सून: आई, तोंड घट्ट मिटून घेतलंय त्यानं. नाहीच म्हणतोय.

सासूबाई: म्हणू दे. तीस वर्षं वॉर्डात काढली मी, असले नाही म्हणणारे पेशंट पुष्कळ भरवलेत. अगं, समोरून नको, बाजूनं. पुढच्या दातांच्या मागे फट असते बघ, तिथून सरकव सिरिंज. थेंबभरच. आता थांब, चावू दे.

सून: चावतोय!

सासूबाई: चावणारच. गिनीपिग झाला म्हणून काय झालं, भूक सगळ्यांना सारखीच. घाई करू नकोस, ठसका लागेल.

सून: चिमणी चारला येईल हो. आठ दिवसांच्या शिबिरातून पोर धावत येणार, आणि बघणार काय, तर तिचा मुकादम टॉवेलात गुंडाळलेला. एरवी जिन्यात पाऊल वाजलं तरी शीळ घालून घर डोक्यावर घेतो. चार दिवस झाले, हूं नाही की चूं नाही.

सासूबाई: आतडी संपावर गेल्यावर शीळ कुठली? औषध चालू आहे, गवताच्या पिठाची पेज पोटात जातेय. येईल वळणावर. मी सांगते ना.

सून: डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज वजन उतरलं असेल तर पुन्हा दवाखान्यात ठेवावा लागेल. आणि या खेपेला खात्री देत नाही म्हणाल्या.

सासूबाई: उतरलेलं नाही. सकाळी मीच काट्यावर ठेवला. पावणेचारला फोन करायचाय ना त्यांना? सिरिंज दे माझ्याकडे आणि कर. वही खिडकीत आहे, आजचं पान वाचून दाखव.

सून: हॅलो... हो, मीच, गिनीपिगवाली. वजन आठशे बासष्ट. काल आठशे चोपन्न होतं. हो ना, वाढलं! लेंड्या सकाळपासून एकतीस, काल दिवसभरात अकरा. कशा आहेत? आई, कशा आहेत?

सासूबाई: लांबट, एकसारख्या. काल बारक्या नि वाकड्या होत्या. आणि सांग, पोटाचा ढोल उतरला. मऊ आहे.

सून: चांगल्या आहेत. पोट मऊ आहे. नाही, गवत अजून आपणहून नाही खाल्लं... बरं. बरं, ठेवते. आई, आणू नका म्हणाल्या! आपणहून एक काडी खाल्ली की जिंकलो! थांबा, सोमवारी वजन किती होतं बघू दे मला.

सासूबाई: ते मी सांगते तोंडी. ठेव वही.

सून: असू द्या, सापडलं. ‘सोमवार. खाणं बंद, पोट फुगलेलं. कारण: चहात बुडवलेली गोड बिस्किटं, सलग तीन दिवस. देणारी: मी.’ ...आई?

सासूबाई: हो. माझंच अक्षर आहे.

सून: डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे?

सासूबाई: पहिल्याच दिवशी सांगितलं. औषध द्यायचं तर कारण नको कळायला?

सून: आणि मला?

सासूबाई: लिहायला जमलं. बोलायला नाही जमलं.

सून: चार दिवस मी कोथिंबिरीचं एकेक पान पुसतेय, आई! कापडानं! ओली भाजी मीच घातली, माझ्याच हातानं गेला असता, म्हणून रडले तुमच्यासमोर. चिमणीलाही फोनवर तेच सांगून बसले.

सासूबाई: दिसत होतं मला.

सून: दिसत होतं आणि गप्प बसलात!

सासूबाई: बसले. लाज वाटली गं. पेशंटला चोरून खायला आणलं म्हणून लोकांना दारातून परत पाठवलंय मी, आणि तेच माझ्या हातून झालं. मुलगा बोटीवर नोकरीला, चिमणी शिबिराला, तू दिवसभर पडदे शिवण्यात. चारला कप वाजला की हा शीळ घालायचा. म्हटलं, चला, चहाला कुणीतरी सोबत आहे. अर्धं बिस्किट मला, अर्धं त्याला.

सून: मला हाक मारायचीत.

सासूबाई: दोनदा मारली. पण ते जाऊ दे. चूक माझी आहे, तुझ्या मशीनची नाही.

सून: ...पेज संपली का?

सासूबाई: संपली. तोंड पूस त्याचं. आणि ती गवताची पिशवी दे इकडे.

(पिशवी सळसळते. टॉवेलातून बारीक, लांबलचक शीळ.)

सून: आई!

सासूबाई: गप, हलू नकोस. काडी धर समोर. ओढली! बघ, बघ कसा कराकरा खातोय माझा मुकादम. म्हटलं नव्हतं मी?

सून: म्हटलं होतंत. खरंच म्हटलं होतंत... जिन्यात पावलं वाजताहेत. चिमणीच आली. आई, ऐका माझं. तिला भाजीचं सांगून झालंय, राहू दे तसंच. तुम्हाला ती देव मानते.

सासूबाई: म्हणून तर नको. ड्यूटीवरची माझी चूक मी कधी दुसरीच्या नावावर टाकली नव्हती. चार दिवस टाकली, तेवढं पुरे झालं. जा, दार उघड.

नात: आजी! त्यानं शीळ घातली ना? खाली जिन्यात ऐकली मी! बरा झाला? आई, रडू नकोस ना, तुझ्या भाजीनं काही...

सासूबाई: भाजीनं नाही झालं ते. आधी हात धू. धुतलेस? आता ही वही घे आणि पहिलं पान वाच. मोठ्यानं.

नात: ‘सोमवार. खाणं बंद... चहात बुडवलेली...’ आजी, तू?

सासूबाई: मी. रागवायचं असेल तर रागव.

नात: रागावलेच आहे. खूप. दे त्याला माझ्याकडे.

सासूबाई: घे. खालून हात लाव. हां, असा.

नात: किती हलका झालाय गं! आजी, तो बिस्किटांचा डबा मी लपवून ठेवणार आहे. तुला सापडणारच नाही असा.

सून: लपव. पण त्याआधी आम्हां दोघींपुरती काढून ठेव. चार वाजलेत, मशीन बंद केलंय मी. आई, दोन कप घ्या.